युरोपचा पाणी कायदा, वेझरचं खोरं आणि २०२७ ची मुदत

वेझरकाठ (धागाकर्ती)

युरोपीय संघातली प्रत्येक नदी, तळं, खाडी आणि जमिनीखालचं पाणी 'चांगल्या' स्थितीत आणायची मुदत २०२७ साली संपते. मूळ मुदत २०१५ ची होती. मग २०२१ झाली, मग २०२७. आता तीही हुकणार हे ब्रुसेल्सपासून आमच्या ब्रेमेनपर्यंत सगळ्यांना दिसतंय, आणि त्याबरोबर एक मागणी जोर धरते आहे: कायदा फार कडक आहे, मोजायची पद्धतच बदला. मला हे अजिबात मान्य नाही. का, ते नीट मांडता यावं म्हणून हा धागा काढतेय. नदीच्या तळातले जीव गोळा करून ओळखायचं माझं काम आहे, त्यामुळे या कायद्याशी रोजचा संबंध येतो.

हा कायदा म्हणजे वॉटर फ्रेमवर्क डायरेक्टिव्ह. तो २३ ऑक्टोबर २००० ला मंजूर झाला आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला लागू झाला. त्याआधी युरोपात पाण्याचे कायदे नव्हते असं नाही. शहरी सांडपाण्याचा आणि शेतीतल्या नायट्रेटचा असे १९९१ चे दोन मोठे कायदे होतेच. पण त्यांचं लक्ष मुख्यतः प्रदूषण कुठून निघतं यावर होतं: पाइपातून काय सुटतं, शेतात किती खत पडतं. २००० च्या कायद्याने प्रश्न थेट नदीपाशी नेला. तिथे काय जगतंय? मासे कोणते, तळातल्या अळ्या-शिंपले कोणते, पाणवनस्पती आणि शेवाळ कसलं? त्यावरून प्रत्येक जलखंडाला (म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या नदीच्या, तळ्याच्या किंवा खाडीच्या तुकड्याला) पाचांपैकी एक वर्ग मिळतो: अतिउत्तम, चांगला, मध्यम, खराब, अतिखराब. नकाशावर निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल.

वादाचा मुद्दा पुढे आहे. वर्ग ठरवताना सरासरी काढत नाहीत. मासे 'चांगले', वनस्पती 'चांगल्या', पण तळातले जीव 'खराब' असतील तर तो जलखंड 'खराब'. दहावीच्या जुन्या निकालासारखं, एका विषयात नापास म्हणजे नापास. लोकांना हे अन्यायाचं वाटतं. मला हाच या कायद्याचा कणा वाटतो. सरासरी चालली असती तर स्वस्तात सुधारता येणाऱ्या गोष्टी सुधारून प्रत्येक राज्याने हिरवा रंग मिळवला असता, आणि अवघड गोष्ट जिथल्या तिथे राहिली असती. बंधाऱ्याने अडलेला मासा वनस्पतींच्या चांगल्या गुणांवर वर चढत नाही.

दुसरी गोष्ट खोऱ्याची. कायदा राज्याची किंवा देशाची हद्द मानत नाही, पाणलोट मानतो. दर सहा वर्षांनी प्रत्येक खोऱ्याचा व्यवस्थापन आराखडा करायचा: आज काय स्थिती आहे, कशामुळे बिघडली, कोणते उपाय करणार, कुठे सवलत मागतोय आणि का. पहिले आराखडे २००९ चे, मग २०१५ चे, आताचे २०२१ चे.

आमची वेझर नदी पूर्णपणे जर्मनीत आहे, तरी खोऱ्यात सात राज्यं येतात. वेरा आणि फुल्डा या दोन नद्या हान्नोव्हर्श म्युंडेनला मिळतात, तिथून ती वेझर. ब्रेमरहाफेनला समुद्रात जाते. सात राज्यांनी मिळून २००३ मध्ये खोऱ्याचा संघ केला, त्याचं कार्यालय हिल्डेसहाइमला आहे. या खोऱ्याचा सगळ्यात कठीण प्रश्न मिठाचा. वरच्या अंगाला, हेसे आणि थुरिंगियाच्या सीमेवर, शंभराहून अधिक वर्षं पोटॅशच्या खाणी आहेत. खत तयार होतं आणि खारं पाणी वेरात जातं. वेराकाठच्या गेर्स्टुंगेनला क्लोराइडची मर्यादा १९४२ मध्ये लिटरला २,५०० मिलिग्रॅम अशी घातली गेली, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहापट. पूर्व जर्मनीच्या काळात तीही कित्येक पटींनी ओलांडली जात होती. इथले मूळचे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे छोटे जीव मेले, माशांना खाणं उरलं नाही, म्हणून १९५७ मध्ये अमेरिकेतली खाऱ्या पाण्यात तगणारी गॅमारस टायग्रिनस ही जात मुद्दाम आणून सोडली. तिचे वंशज आजही आमच्या जाळीत येतात. नदी इतकी बिघडवली की तिच्यासाठी जीवही बाहेरून आणावे लागले.

मीठ वरच्या राज्यांत सुटतं आणि सोसतात खालची राज्यं. जुन्या व्यवस्थेत खालच्यांनी फक्त तक्रार करायची. आता खोऱ्याच्या आराखड्यावर सातही राज्यांची सही लागते. मिठासाठी वेगळा तपशीलवार आराखडा करावा लागला: खाणीच्या कचऱ्याचे पांढरे डोंगर झाकायचे, खारं पाणी जुन्या खाणींत साठवायचं, आणि ते जमिनीत खोल मुरवायची पद्धत २०२१ अखेर बंद करायची. ती बंद झालीही. वेरा अजून 'चांगली' नाही, लवकर होणारही नाही. पण कुणाचं मीठ, किती, कधीपर्यंत, हे आज लिहिलेलं आहे आणि ते कुणीही वाचू शकतं.

आता आकडे. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार भूपृष्ठावरच्या जलखंडांपैकी ३७ टक्के परिसंस्थेच्या दृष्टीने 'चांगले' किंवा त्याहून वर आहेत. जर्मनीत फक्त सुमारे ९ टक्के. हा आकडा दाखवून लोक म्हणतात, वीस वर्षांत काही हाललं नाही म्हणजे फूटपट्टी चुकीची. मी म्हणते, फूटपट्टी खरं सांगतेय, उपाय कमी पडलेत.

तुमची मतं वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

---

मृण्मयी

किती छान लिहिलंयस. मिठाचे पांढरे डोंगर गाडीने जाताना पाहिले होते, ते काय आहेत हे आज कळलं. वाचतेय.

---

रसायनी

लेख आवडला, पण विरोधी मत मागितलंयत म्हणून देतो. मी सांडपाणी शुद्धीकरणात काम करतो.

एक, तुमचा वाईटात वाईट घटक ठरवणार हा नियम काम करणाऱ्यांना नाउमेद करतो. एखाद्या गावाने कोट्यवधी युरो घालून प्लांट सुधारला, अमोनियम गेलं, ऑक्सिजन वाढला, तळातले जीव दोन वर्गांनी वर आले. पण खाली कुठेतरी बंधारा आहे म्हणून मासे 'खराब', म्हणून नकाशावर रंग तोच. नगरपालिकेच्या सभेत हे कसं समजावायचं?

दोन, पाण्यातल्या रसायनांची स्थिती वेगळी मोजतात, आणि तिथे तर कहर आहे. जर्मनीतला एकही भूपृष्ठीय जलखंड 'चांगला' नाही. शून्य. कारण पारा आणि ब्रोमिनयुक्त अग्निरोधक. पारा कोळशाच्या धुरातून हवेत गेला, हवेतून सगळीकडे पडला. आमचा प्लांट त्याला काय करणार? तुम्ही दिलेल्या त्याच अहवालात युरोपभर रासायनिक 'चांगलं' २९ टक्के आहे, आणि हे सर्वत्र पसरलेले टिकाऊ पदार्थ बाजूला काढले तर ८० टक्के. मग खरं चित्र कोणतं?

---

वेझरकाठ

@रसायनी, दोन्ही मुद्दे मोलाचे आहेत.

पहिल्यावर: सुधारणा दिसली पाहिजे हे शंभर टक्के खरं. त्यासाठी प्रत्येक घटकाचा स्वतंत्र निकाल छापा ना. तो मोजलेला असतोच! प्रत्येक जलखंडाचं एक माहितीपत्रक असतं, त्यात मासे, तळजीव, वनस्पती, शेवाळ, सगळ्यांचे वर्ग वेगवेगळे दिलेले असतात. नगरपालिकेने ते पान पडद्यावर दाखवावं. 'आमच्या पैशांनी तळजीव दोन वर्गांनी सुधारले, आता वाट बंधाऱ्याच्या मालकाची बघतोय' हे वाक्य सभेत फार ताकदीचं आहे. अंतिम निकाल मात्र बदलू नये. तो बदलला की बंधाऱ्याच्या मालकाला विचारणारं कुणी उरणार नाही.

दुसऱ्यावर: पारा वगळलेला आणि धरलेला, दोन्ही नकाशे शेजारी शेजारी छापायची मुभा कायद्यात आहे, आणि तसे छापतातही. पण वगळलेला नकाशा हाच खरा असं म्हणायला मी तयार नाही. तो पारा माशात आहे. पाणमांजर तो मासा खातं. तुमचा प्लांट काही करू शकत नाही हे खरं, पण कोळशाची वीज बंद करायचा निर्णय घेणाऱ्याने तो लाल नकाशा बघायलाच हवा.

---

जिज्ञासा

अगदी प्राथमिक प्रश्न. बंदर, धरण, शहरातून जाणारी काँक्रीटची नदी, यांना पण 'चांगलं' व्हायची सक्ती आहे का? हॅम्बुर्गचं बंदर काही जंगलातला ओढा होणार नाही.

---

वेझरकाठ

@जिज्ञासा, नाही. माणसाने कायमचे बदललेले जलखंड वेगळे नोंदवता येतात. त्यांच्याकडून अपेक्षा अशी की तो वापर चालू ठेवून जेवढं शक्य आहे तेवढं करा.

यावर एम्शरचं उदाहरण द्यायलाच हवं. पश्चिम जर्मनीतल्या रूर या औद्योगिक भागातली ही छोटी नदी, डॉर्टमुंडजवळून निघून ऱ्हाइनला मिळते. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखाली गटारांचे पाइप टिकायचे नाहीत, म्हणून नदीलाच काँक्रीटचं उघडं गटार केलं. त्यासाठी १८९९ मध्ये शहरं, खाणी आणि कारखाने यांचा एक संघ झाला, तो आजही आहे. खाणी उत्तरेकडे सरकल्यावर १९९२ पासून त्याच संघाने उलटं काम सुरू केलं. जमिनीखाली ५१ किलोमीटरची मुख्य सांडपाणी वाहिनी, जोडीला शेकडो किलोमीटर नवे पाइप, सुमारे साडेपाच अब्ज युरो. २०२१ च्या अखेरीस एम्शरमधून सांडपाणी वाहायचं थांबलं. शे-सव्वाशे वर्षं लोक जिच्या काठाला कुंपण घालत होते, तिथे आता सायकलचे रस्ते आहेत. वरच्या एका ओढ्यात तग धरून राहिलेला ग्रॉपं नावाचा छोटा मासा पुन्हा खाली सोडतायत.

एम्शरचं काम डायरेक्टिव्हच्या आधी सुरू झालं, तेव्हा सगळं श्रेय कायद्याला देत नाही. पण ज्या नदीचा संघ आहे, पैसा आहे आणि काम तीस वर्षं टिकवलं आहे, तिथे फरक पडतो हे तिने दाखवलंय.

---

अर्धवकील

या कायद्याची कोर्टातली बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. योगायोगाने सगळ्यात महत्त्वाचा निकाल वेझरचाच आहे.

ब्रेमरहाफेनला मोठी कंटेनर जहाजं यावीत म्हणून वेझर आणखी खोल खणायची होती. २०११ मध्ये मंजुरी मिळाली. बुंड या पर्यावरण संघटनेने लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयात दावा लावला, त्या न्यायालयाने प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. प्रश्न साधा होता: कायदा म्हणतो, पाण्याची स्थिती खालावू देऊ नका. 'खालावणं' म्हणजे काय? सरकारी बाजू म्हणायची, पूर्ण जलखंड एका वर्गाने खाली आला तरच. म्हणजे मासे आधीच 'खराब' असतील तर वनस्पती 'चांगल्या'वरून 'खराब'वर आणल्या तरी चालेल, कारण अंतिम रंग बदलत नाही!

१ जुलै २०१५ ला न्यायालयाने सांगितलं: एक घटकसुद्धा एका वर्गाने घसरला तर ते खालावणं आहे. आणि घटक आधीच तळाच्या वर्गात असेल तर त्यात आणखी कुठलीही घसरण चालणार नाही. शिवाय हे बंधन नुसतं आराखड्यातलं ध्येय नाही, प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीला ते लागू आहे. त्यानंतर २०१६ मध्ये लाइपझिगने वेझरची मंजुरी बेकायदेशीर ठरवून थांबवली.

म्हणजे सगळे प्रकल्प थांबले का? नाही. मोठं सार्वजनिक हित असेल, दुसरा चांगला मार्ग नसेल, नुकसान कमी करायचे सगळे व्यवहार्य उपाय केले असतील आणि कारणं खोऱ्याच्या आराखड्यात लिहिली असतील, तर अपवाद मिळतो. हॅम्बुर्गसाठी एल्ब खोल करायचं काम कज्जे-खटल्यांनंतर झालंच. पण आता लिहून, दाखवून, सिद्ध करून करावं लागतं.

---

वेझरकाठ

@अर्धवकील, फार नेमकं लिहिलंत, आभार. यात एक भर: वेझर खोल केल्यावर भरतीचं खारं पाणी नदीत अजून वर सरकतं. वेझरमार्शच्या सखल कुरणांत गाई ज्या चरांचं पाणी पितात ते नदीतूनच येतं. त्यामुळे या लढ्यात पर्यावरणवाल्यांबरोबर तिथले शेतकरीही खोदाईच्या विरोधात होते. वरून खाणीचं मीठ, खालून समुद्राचं.

---

बागायतदार

निफाडहून लिहितोय. शेतकऱ्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. द्राक्षात आम्ही पाण्याची, खताची, फवारणीची सगळी नोंद ठेवतो, युरोपला माल पाठवायचा तर कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाची मर्यादा पाळावीच लागते. मग तिकडच्या शेतकऱ्यावर तिकडच्या नदीसाठी काय बंधन आहे? की सगळा भार आमच्यासारख्यांवर?

---

वेझरकाठ

@बागायतदार, प्रश्न अगदी रास्त आहे आणि उत्तर युरोपला फारसं शोभणारं नाही.

कागदावर बंधन आहे. जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नत्र घालता येत नाही, भूजलात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत हवं. प्रत्यक्षात जर्मनीने इतकी वर्षं चालढकल केली की २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने देशाला दोषी ठरवलं. मग खताचे नियम कडक झाले, आणि जिथलं भूजल बिघडलंय अशा 'लाल' भागांत पिकाच्या गरजेपेक्षा २० टक्के कमी नत्र घालायचं बंधन आलं. २०१९ मध्ये शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन शहरं अडवली होती. त्यांचा राग सगळाच चुकीचा नव्हता. मोजणीच्या विहिरी कुठे आहेत, लाल भागाची रेष माझ्याच बांधावरून का गेली, या शंका खऱ्या होत्या.

वेझरच्या पश्चिमेला फेख्टा आणि क्लोप्पेनबुर्ग हे जिल्हे आहेत, डुकरं आणि कोंबड्यांच्या पालनासाठी प्रसिद्ध. तिथे जनावरं इतकी की खत मुरवायला जमीन पुरत नाही. दोष एकट्या शेतकऱ्याचा कसा म्हणायचा? स्वस्त मांस हवं असलेला ग्राहक आणि त्याला ते विकणारी सुपरमार्केटं नदीच्या आराखड्यात कुठेच नसतात. शेतकरी मात्र असतो.

चांगलं उदाहरणही आहे. नीडरझाक्सन राज्यात १९९२ पासून पाणी उपसणाऱ्याकडून शुल्क घेतात आणि त्यातला काही पैसा पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रातल्या शेतकऱ्यांना सल्ला आणि मोबदला द्यायला जातो. हिवाळ्यात जमीन उघडी न ठेवणं, खत वसंतात घालणं अशा गोष्टींसाठी. २०२० मध्ये राज्य सरकार, शेतकरी संघटना आणि पर्यावरण संघटना यांनी करार केला: मोठ्या नद्यांच्या काठाला १० मीटर, मधल्या प्रवाहांना ५, लहानांना ३ मीटर पट्टीत खत नाही, फवारणी नाही, आणि त्याचा मोबदला शेतकऱ्याला. मला हा रस्ता बरोबर वाटतो. जमीन त्याची जाते, तर पैसे त्याला मिळालेच पाहिजेत.

---

बागायतदार

धन्यवाद ताई. ३ मीटरची पट्टी मोबदल्यासकट कुणी दिली तर कादवेच्या काठचे बरेच जण तयार होतील असं वाटतं. मोबदल्याशिवाय कुणी होणार नाही.

---

डब्लिनकर

आयर्लंडचा अनुभव. इथे पहिल्या फेरीत बेट अनेक खोऱ्यांत वाटलं होतं, दुसऱ्या फेरीत अख्ख्या देशाचा एकच आराखडा केला. दुसरा आराखडा २०१५ ऐवजी २०१८ ला आला, तिसरा २०२१ ऐवजी सप्टेंबर २०२४ ला. म्हणजे सहा वर्षांच्या आराखड्यातली जवळजवळ निम्मी वर्षं आराखड्याविनाच गेली.

इथला मुख्य प्रश्न दुधाचा. २०१५ मध्ये दुधाचा कोटा (किती दूध काढायचं यावरची युरोपीय मर्यादा) उठला, गाई वाढल्या. १७० ऐवजी २५० किलो नत्राची खास सवलत आयर्लंडला होती, २०२४ पासून काही भागांत ती २२० वर आणली. त्यावरून गावोगाव जे वातावरण तापलंय ते बघून वाटतं, पाण्याचा प्रश्न आधी दूध संघाच्या बैठकीत सुटायला हवा.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. स्थानिक संस्थांच्या जलविभागाची माणसं ओढ्याच्या कडेने चालत जातात, नेमकं कुठे बिघडलंय ते शोधतात, आणि मग सल्लागार फुकट शेतावर येतो. दंडाचा कागद घेऊन नाही. असे सल्लागार आले की शेतकरी बोलतात, दारं उघडतात.

---

रसायनी

@डब्लिनकर +१. हेच म्हणायचं होतं. खोऱ्याचा नकाशा मोठा, पण बिघाड नेहमी एखाद्या ओढ्यावर असतो.

---

अर्धवकील

@रसायनी, बरोबर याच मुद्द्यावर इंग्लंडमध्ये खटला झाला. ब्रिटन संघातून बाहेर पडलं तरी हा कायदा तिथल्या देशी नियमांत राहिला. यॉर्कशायरमध्ये पिकरिंगजवळ अप्पर कॉस्टा बेक नावाचा झऱ्यांवर पोसलेला छोटा प्रवाह आहे, एकेकाळी ट्राउट माशांसाठी नावाजलेला. मासे रोडावले. तिथल्या मासेमारी मंडळाने विचारलं, हंबर खोऱ्याच्या आराखड्यात आमच्या प्रवाहासाठी नेमका काय उपाय आहे? उत्तर शोधून सापडेना. सगळे उपाय अख्ख्या खोऱ्यासाठी, ढोबळ शब्दांत.

सरकारचं म्हणणं पडलं की प्रत्येक जलखंडाचा वेगळा विचार करणं प्रशासनाला झेपणार नाही. उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे फेटाळलं. ध्येय प्रत्येक जलखंडाचं आहे, तर ते गाठतील असे उपायही प्रत्येक जलखंडासाठी तपासायला हवेत. सरकार अपिलात गेलं, २०२५ मध्ये तेही फेटाळलं गेलं. एका लहानशा गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाने हे करून दाखवलं!

---

वेझरकाठ

@अर्धवकील, मला मूळ लेखात जे म्हणायचं होतं ते या खटल्याने माझ्यापेक्षा चांगलं म्हटलंय. २०२७ हुकण्याचं मुख्य कारण हेच. उपायांच्या याद्या आहेत, पण कोणत्या तुकड्यावर, कुणी, कुठल्या पैशांनी, कधी, हे रकाने रिकामे किंवा मोघम. आणि मग म्हणायचं फूटपट्टी बदला!

सैल करणं सुरूही झालंय. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय संसद आणि सदस्य राष्ट्रांची परिषद यांच्यात प्रदूषकांच्या यादीवर सहमती झाली. त्यात चांगलं बरंच आहे: पीफास (निसर्गात सहज न विघटणारी रसायनं), औषधं आणि कीटकनाशकं यांची यादी वाढली. पण त्याच वेळी 'खालावू देऊ नका' या बंधनाला दोन नवे अपवाद जोडले, थोड्या काळापुरत्या परिणामांसाठी आणि आधीच प्रदूषित असलेलं पाणी किंवा गाळ दुसरीकडे हलवण्यासाठी. पुलाच्या दुरुस्तीला अपवाद हवा हे मी समजू शकते. गाळ हलवायच्या अपवादाची मात्र मला फार काळजी वाटते, कारण बंदरांचा गाळ हा साधा गाळ नसतो.

---

मृण्मयी

एक विचारू? या सगळ्याचे पैसे कोण देतं? माझं पाण्याचं बिल दरवर्षी वाढतंय.

---

रसायनी

@मृण्मयी, याचं उत्तर मी देतो. कायद्यात तत्त्व आहे की पाणी वापरण्याचा पूर्ण खर्च, पर्यावरणाच्या नुकसानीसकट, वसूल व्हावा, आणि घरं, उद्योग, शेती या प्रत्येकाने आपला वाटा उचलावा. प्रत्यक्षात घरं सगळ्यात जास्त देतात कारण त्यांच्याकडे मीटर आहे. जलविद्युत आणि जलवाहतूक यांनाही हे लावा असं युरोपीय आयोगाचं म्हणणं होतं, त्यासाठी जर्मनीविरुद्ध खटला केला, २०१४ मध्ये आयोग हरला.

नवं पाऊल सांडपाण्याच्या २०२४ च्या सुधारित कायद्यात आहे. औषधांचे अंश काढायला मोठ्या प्लांटांना शुद्धीकरणाचा चौथा टप्पा बसवावा लागणार, त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांनी द्यायचा. कंपन्या कोर्टात गेल्यात. पण तत्त्व योग्य आहे, गोळी विकणाऱ्याने गोळीच्या अंशाचाही विचार करायला हवा.

---

तापीकाठ

भुसावळकर आहे. इथे कुणालाच माहीत नसेल म्हणून सांगतो, या युरोपीय पद्धतीचा तापीशी थेट संबंध आहे. भारत आणि युरोपीय संघ यांच्यात २०१६ मध्ये जल भागीदारी ठरली, आणि खोरे आराखड्याची पद्धत आपल्याकडे लावून बघायला निवडलेल्या नद्यांत तापी होती. मुलताईला उगम मध्य प्रदेशात, खोऱ्याचा सगळ्यात मोठा भाग महाराष्ट्रात, मुख सुरतेला. तीन राज्यांच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवून आधी 'या खोऱ्याचे मुख्य प्रश्न कोणते' ते ठरवायचं, ही पहिली पायरी वेझरसारखीच.

पण मला एक फरक जाणवतो. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीला अ ते ई वर्ग देतं ते वापरावरून: निर्जंतुक करून पिण्यालायक, आंघोळीलायक, शुद्धीकरणानंतर पिण्यालायक, मासे आणि वन्यजीवांसाठी, सिंचनासाठी. नदी माणसाच्या कोणत्या कामाची, एवढाच हिशेब. वरच्या लेखातला 'इथे काय जगतंय' हा प्रश्न आपण अधिकृतपणे फारसा विचारतच नाही. २०२२ च्या यादीत देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यात ५५ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. ते ठरवले बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो त्यावरून. भोई समाजातली जुनी माणसं पूर्णा आणि तापीतल्या माशांची नावं घडाघडा सांगतात, त्यातले कोणते आता मिळत नाहीत तेही सांगतात. त्यांची माहिती आराखड्यात यायला हवी असं मला फार वाटतं.

---

वेझरकाठ

@तापीकाठ, ती माहिती कुठेतरी लिहून ठेवा. खरंच. वेझरच्या बाबतीत नदी मुळात कशी होती हे ठरवायला जुन्या मासेमारीच्या नोंदीच कामी आल्या. 'चांगलं' म्हणजे किती चांगलं, हे मूळ स्थिती माहीत असल्याशिवाय ठरत नाही. सालं, गावं, माशांची स्थानिक नावं, जाळ्याचा प्रकार, जे सांगतील ते सगळं.

---

तापीकाठ

करतो. वरणगाव आणि हतनूरकडच्या दोन-तीन जणांशी आधी बोलतो, मग वेगळा धागा काढतो.

---

जिज्ञासा

शेवटचा प्रश्न. मी कासेलला राहते, जर्मन नागरिक नाही. आराखड्यावर मला मत नोंदवता येतं का? आणि माझ्यासारख्या सामान्य बाईच्या मताला कोण विचारतं?

---

वेझरकाठ

@जिज्ञासा, येतं. नागरिकत्वाची अट नाही, कुणीही लेखी मत देऊ शकतं. पुढच्या आराखड्याचा मसुदा २२ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर व्हायला हवा, त्यानंतर सहा महिने मतांसाठी असतात. अंतिम आराखडा डिसेंबर २०२७ मध्ये.

अख्खा मसुदा वाचायच्या भानगडीत पडू नकोस, शेकडो पानं असतात. आपल्या घराजवळच्या प्रवाहाचं माहितीपत्रक काढ. त्यात आधी बघ, सगळ्यात वाईट घटक कोणता. मग बघ, त्याच्यासमोर उपायाचा कोणता क्रमांक लिहिलाय. सगळ्या जर्मनीत उपायांची एकच यादी आहे, उदाहरणार्थ ६९ म्हणजे बंधाऱ्यावर माशांना वाट, २८ म्हणजे काठाची संरक्षक पट्टी. मासे 'खराब' असतील आणि ६९ नसेल, तर तेच विचारायचं. असेल, तर कोण करणार, कधी, आणि गेल्या आराखड्यातही हाच क्रमांक होता का, हे विचारायचं. दोन परिच्छेद पुरतात. मोघम तक्रारीला मोघम उत्तर येतं, जलखंडाचा क्रमांक घालून विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यावं लागतं.

फुल्डाच्या तुझ्या तुकड्याचा क्रमांक सापडला नाही तर इथे कळव, मी शोधून देते.